ताप उतरला तेव्हा

अक्काचा ताप उतरल्याची बातमी आईनं फोन करकरून सगळ्या भावकीला कळवली होती. अक्का जाऊन आता काही आठवडे झाले, पण ती गेली त्या दिवसापेक्षा हा आनंदाचा दिवसच मला जास्त छळतो...

सुमनअक्का माझी थोरली बहीण, जनावरांची डॉक्टर. आम्ही धनगराची पोरं. मी शहरात विम्याच्या कचेरीत चिकटलो. ती मात्र एवढं शिकून पुन्हा मेंढरांतच गेली, असं मी तिला चिडवायचो. लग्न केलं नाही, आईजवळच राहिली. खुलताबादच्या आसपासच्या वस्त्यांवर शेळीला इंजेक्शन टोचलं की मालकाला तंबी ठरलेली. हे औषध जंतू मारत नाही, नुसती त्यांची वाढ थांबवतं. मारायचं काम शेळीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं. मग म्हणायची, "कुत्रं लांडग्याला अडवून धरतं. पण काठी घेऊन धनगरानं उठाय नको का? शेळीला खाऊ घाला, जपा."

पुढं तिलाच रक्ताचा कर्करोग झाला. केमोनं पांढऱ्या पेशी पार तळाला नेल्या आणि त्यातच रक्तात जंतू शिरले. मारणाऱ्या औषधांना ते दाद देईनात. अखेर एक लागू पडलं, तेही नुसतं रोखणारं. त्यानं ताप उतरला.

ताप उतरला तर दर्ग्यात बकऱ्याची कंदुरी करीन, असा नवस आई बोलली होती. ती कशाची थांबते! बकरं आणलं, नवस फेडला, जेवणाचा बेत ठरला. तिकडं निघण्याआधी मी दवाखान्यात गेलो, तर अक्का छताकडं बघत पडली होती. पेशी वाढल्या का, एवढंच तिनं विचारलं. वाढल्या नव्हत्या.

"जंतू मेले नाहीत रे, थांबलेत," ती म्हणाली. "धनगरच उठंना झालाय. आईला सांगू नको. जेवू दे समद्यांना पोटभर."

मी गेलो, पंगतीत बसलो, जेवलो. रस्सा झकास झाला होता, हे अजून विसरता येत नाही... लवकरच ताप परतला. पेशी शेवटपर्यंत वाढल्या नाहीत.

तेव्हापासून आईनं एकच धरलं होतं: बकऱ्यातच खोट असणार, म्हणून नवस पोचला नाही. पाय लंगडा असेल, कान फाटका असेल, मीच घाईत नीट बघितलं नाही, असं म्हणत राहायची. तिचं हे झुरणं बघवेना, म्हणून परवा चहा घेताना मी तिला सगळं समजावलं. दोष बकऱ्याचा नाही, तुझाही नाही. औषधानं जंतू रोखले, पण अंगात ते मारायची ताकद उरली नव्हती, आणि हे अक्काला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, आईच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

तिनं कपबशी खाली ठेवली.

"म्हंजी आपण तिकडं जेवत व्हतो, तवा तिला ठावं व्हतं?"

"व्हय."

त्यानंतर आईनं बकऱ्याचं नाव काढलेलं नाही. ताट पुढ्यात आलं की आधी अक्काच्या खोलीच्या दाराकडं बघते. ती बघते तोवर मीही घास हातात धरून बसतो.