दोनदा धरलेला खर्च

रविवारी सकाळी नवरा लॅपटॉपवर घरखर्चाच्या नोंदी करायला बसला, की मला त्याचं बोट बघवत नाही. लाल आकड्यावर ते टकटक करत राहतं. या रविवारीही करत होतं.

"तुझ्या आईच्या ऑपरेशनपायी या महिन्यात पार खड्ड्यात गेलो," तो म्हणाला. "दुसऱ्या डोळ्याचं आता तुझ्या भावाला बघू दे."

आई शेजारच्याच खोलीत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. कान मात्र शाबूत.

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ऑपरेशनचे पैसे क्रेडिट कार्डावरून दिले, तेव्हा त्यानं ते खर्चात लिहिले होते. नंतर कार्डाचं बिल भरलं, तेही पुन्हा खर्चातच टाकलं होतं.

"बिल भरणं हा नवा खर्च नव्हे. तू एकच ऑपरेशन दोनदा धरलंयस."

त्यानं नोंद बदलली, आकडा खाली आला. "बरं झालं सापडलं," म्हणत त्यानं चहा मागितला.

सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही त्यानं हीच चूक केली होती. पण तेव्हा आकडा फुगलेला दिसताच त्यानं चूक शोधली होती. या वेळी त्यानं माणूस शोधलं.

"दुसऱ्या डोळ्याची घाई नाही गं," आतून आई म्हणाली. "एकानं भागतंय माझं."

मी चहा टाकला नाही. दवाखान्यात फोन लावला आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्या डोळ्याची तारीख मागितली.