फोटोत मी नव्हते

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय.

आज सकाळी आमचा रनिंग ग्रुप खारघरच्या टेकडीवर गेला होता. कोणी मागे सुटू नये म्हणून सावंतांनी सगळ्यांच्या शेवटी राहायचं, हा आमचा नियम. उतरताना मी त्यांना "थांबा हं" म्हणाले आणि झाडामागे गेले. हे सभ्य गृहस्थ लाजून पुढे निघून गेले!

बाहेर आले तर वाटेवर कोणी नाही. पुढे दोन वाटा फुटत होत्या, मी चुकीची धरली. वळणावर चार कुत्री गुरगुरत आडवी आली. मी होते तिथेच उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर फोटो आणि खाली, "सगळे सुखरूप उतरलो!"

माझी मैत्रीण कुंदा तेवढी फोटोत मला शोधत बसली. तीच परत वर आली, भुंकण्याच्या आवाजावरून मला गाठलं आणि काठी आपटून कुत्री हाकलली.

खाली सावंत म्हणाले, "मॅडम, तिथं थांबणं बरं दिसलं नसतं."

"आणि माझं प्रेत बरं दिसलं असतं का हो?"

सगळे हसले. मला अजून हसू येत नाहीये. तुमच्या ग्रुपात फोटो काढण्याआधी कोणी मागे वळून बघतं का?