कॉफीचं एकच गिऱ्हाईक

सुगंधाबाईंना कॉफी आवडत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कुणी म्हणायचं की बाईंना चव कळत होती म्हणून त्यांनी ते काम धरलं. काम धरलं ते पायांसाठी. पन्नाशी उलटलेली, सकाळी उठून टाचा जमिनीला टेकवल्या की तोंडातून ‘आई गं’ निघायचं, आणि या कामात पुढेमागे खुर्ची मिळेल असं कुणीतरी म्हणालं होतं.

संगमनेरकडून लग्न होऊन त्या बोईसरला आल्या तेव्हा नवरा, बन्सी, एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला. बन्सी दुसऱ्याच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला आणि सुगंधाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. कपडे धुण्याची पावडर विकली, लोणची विकली, पाण्याचे फिल्टर विकले, कधी कुठल्या सर्व्हेचे प्रश्न विचारत हिंडल्या. कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट फक्त बोर्डापुरती आहे आणि कुठल्या घरचा कुत्रा नुसताच भुंकतो, हे त्यांना पाठ होतं. दार उघडणाऱ्याचं तोंड बघून माल खपणार की नाही ते कळायचं म्हणे. कॉफीच्या वेळी मात्र ही अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

झालं असं. मुंबईच्या एका नव्या कंपनीने इन्स्टंट कॉफी काढली. साधीसुधी नव्हे, उंची. जाड काचेची बरणी, आत भुकटी नाही तर चमकदार तपकिरी खडे, चिकोरीच्या भेसळीचा एक कण नाही, मळ्यावरच्या निवडक बियांची कॉफी करून ती गोठवून वाळवलेली. गरम पाण्यात टाका, ढवळा, प्या. किंमत एवढी की तेवढ्यात एखाद्या घरचा महिन्याचा चहा निघावा. अशा कॉफीला मोठ्या शहरांबाहेर बाजार आहे का, हा कंपनीला पडलेला प्रश्न, आणि उत्तर शोधायला त्यांनी निवडलं पालघर आणि बोईसर. का निवडलं ते त्यांनाच ठाऊक. जिथे कारखाने आहेत तिथे पगार आहेत, आणि पगार आहेत तिथे लोक कॉफी पितील, असा काहीतरी हिशेब असावा.

अंधेरीच्या ऑफिसातून दीपिका नावाची मुलगी आली. चांगली होती बिचारी, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने सगळं समजावून सांगितलं.

“मावशी, घरोघरी जायचं. गरम पाण्यात करून द्यायची, दूध-साखर नाही. मग विचारायचं, आवडली का, मिळाली तर घ्याल का. रिझल्ट चांगला आला तर आपण बोईसरला छोटं ऑफिस उघडू. ते तुम्हीच सांभाळा.”

“बसून?” सुगंधाबाईंनी विचारलं.

दीपिका हसली. तिला वाटलं बाई गंमत करतायत.

थर्मास आणि कागदी पेल्यांची चळत घेऊन सुगंधाबाई निघाल्या. तारापूरला अणुवीज केंद्राच्या वसाहतीत फिरल्या, बोईसरच्या नव्या टॉवरांत फिरल्या, कोळगावला जिल्हा कचेऱ्यांच्या आवारात जेवणाच्या सुट्टीत उभ्या राहिल्या, बेटेगावातल्या चाळी पालथ्या घातल्या. ऊन असं की थर्मासमधलं पाणी गार होईना. आणि गंमत बघा, जिकडेतिकडे एकच उत्तर. छान आहे. वास किती सुंदर येतो. हो हो, मिळाली तर घेऊ ना. असं म्हणून लोक पेला हळूच टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बसा हो मावशी, दमलात. चहा टाकते.”

आता मला सांगा, दुसरं काय म्हणणार? उन्हातून आलेली बाई, वयाने मोठी, दारात उभी राहून स्वतःच्या हाताने काहीतरी करून देते, तेही फुकट. तिच्या तोंडावर ‘काढा बरा याच्यापेक्षा’ म्हणायला माणूस कोणत्या काळजाचा लागतो? आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. सोयरीक नाकारायची तरी ‘कळवतो’ म्हणतात. कंपनीच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं असं समजू. सुगंधाबाईंना तर जन्मापासून ठाऊक होतं. पण टाचा ठणकत होत्या आणि प्रत्येक ‘हो’बरोबर ती खुर्ची एकेक पाऊल जवळ येत होती. त्यांनी फोनवरच्या फॉर्मात ‘हो’, ‘हो’ असं दाबत दाबत सगळं पाठवून दिलं. घरोघरी प्यायलेल्या चहाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो त्यांनी सांगितला नाही.

रिझल्ट चांगला आला, म्हणजे येणारच होता. स्टेशनच्या पूर्वेला एक गाळा घेतला गेला, बरण्यांची खोकी आली, पंखा आला आणि खुर्ची आली. हात टेकायला दांडे असलेली, फिरणारी. पहिल्या दिवशी बन्सी ड्यूटीवर जाता जाता बघायला आला.

“बसून दाखव,” तो म्हणाला. त्या बसल्या. “शोभतेस,” म्हणाला, आणि मग खोक्यांकडे बघून, “पण एवढं कडू प्यायचं कुणी?”

“लोक म्हणालेत घेऊ.”

“लोक काय, तुला बघून म्हणाले असतील.” बन्सी तसा बोलण्यात सरळ. त्या दिवशी सुगंधाबाईंना त्याचा राग आला.

पहिला महिना बरा गेला. ज्यांनी तोंडावर ‘घेऊ’ म्हटलं होतं त्यांतल्या काहींनी तोंडदेखली का होईना, एकेक बरणी घेतली. कोळगावच्या एका कचेरीत साहेबांच्या पाहुण्यांसाठी घेतली गेली. पण कंपनीचा जीव पहिल्या बरणीत नव्हता, दुसरीत होता. दीपिकाचा फोन आला की एकच विचारणा: “मावशी, परत कोण घेतंय?”

परत कुणी घेत नव्हतं. म्हणून खुर्ची सोडून सुगंधाबाई पुन्हा पिशवी घेऊन दारोदार निघाल्या. वसाहतीतल्या निवृत्त इंजिनियरबाई, मद्रासकडच्या, फार प्रेमाने म्हणाल्या, “कॉफी चांगली आहे हो. पण आमच्याकडे फिल्टरचीच. इन्स्टंट म्हणजे ती प्रवासात.” टॉवरमधली सून म्हणाली, “आमच्याकडे पाकिटातली येते ना, दोन रुपयांची. दुधात टाकली की सगळी सारखीच लागते.” एकीने बरणी संपवली होती खरी, पण सासऱ्यांच्या एकादशीला, दुधात जायफळ आणि भरपूर साखर घालून. आता त्या बरणीत धण्याची पूड होती. ज्यांना चव कळते त्यांना इन्स्टंट नको, आणि ज्यांना इन्स्टंट चालते त्यांना चवीचं एवढं कौतुक नाही. या दोघांच्या मधे सुगंधाबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. वाण्याच्या दुकानात ठेवलेल्या बरण्यांवर धूळ बसली ती वाणीच अधूनमधून पुसायचा, तोही भला माणूस.

आणि तरीही एक गिऱ्हाईक होतं. बेटेगावची रखमा.

रखमाबाय साठीच्या पुढची. नवरा गेलेला, मुलगा धीरज वसईला बायकामुलांसह. घरामागे चार खोल्या काढून कारखान्यातल्या पोरांना भाड्याने दिलेल्या, त्यामुळे हातात चार पैसे असायचे. बरणी विकायला पहिल्यांदा गेल्या तेव्हा सुगंधाबाईंची चालण्याची तऱ्हा बघून ती काही न बोलता आत गेली आणि घमेल्यात मीठ घातलेलं कोमट पाणी घेऊन आली. “पाय घाल त्यात,” म्हणाली, “मंग सांग काय इकतेस.” त्या दिवशी तिने बरणी घेतली. पुढल्या महिन्यात घेतली, त्याच्या पुढल्याही. सुगंधाबाई जायच्या, पाय पाण्यात सोडायच्या, गार फरशीवर भिंतीला टेकून अर्धा तास बसायच्या. बन्सीच्या वॉचमनगिरीबद्दल बोलायच्या, टाचांबद्दल बोलायच्या. रखमाबाय ऐकायची. मग बरणी द्यायची आणि निघायचं. बाकी सगळा महिना त्या बरणीच्या आधारावर जायचा. दीपिकाला सांगता यायचं, आहे, एक बाई नेमाने घेते.

दिवाळीनंतर दीपिकाचा फोन आला. आवाज बसलेला होता. वरचे लोक बोईसरचं ऑफिस बंद करायचं म्हणतायत. पण एक मार्ग आहे. “मावशी, तुमच्या त्या बेटेगावच्या बाई. मी येते, त्यांचा छोटा व्हिडिओ करू. साध्या घरातली बाई ही कॉफी रोज पिते, हे दाखवलं तर अजून सहा महिने मागता येतील. तुमचं काम राहील आणि माझंही.”

आदल्या दिवशी सुगंधाबाई रखमाबायला सांगायला गेल्या. रखमाबाय ओट्यापाशी वाल सोलत बसली होती. व्हिडिओचं ऐकून तिला हसू आलं.

“माजा? या तोंडाचा? येऊ दे, येऊ दे. तू बस गो. माजे हात भरलेत, वरच्या फळीवरून साखरेचा डबा घे. चाय टाकू.”

सुगंधाबाईंनी हात वर केला. डबा पुढे ओढला तर मागे बरण्या. त्यांच्याच. एकीशेजारी एक, झाकणावरचा कागद तसाच, खडे गळ्यापर्यंत भरलेले. पहिली तेवढी उघडलेली होती, तीही वरून चमचाभर गेलेली.

त्यांना आधी वाटलं आपण मोजण्यात चुकतोय. मग वाटलं, जुना साठा असेल. पण मन असं किती वेळ फसवणार.

“रखमाबाय, तुम्ही या उघडल्यासुद्धा नाहीत?”

“पयली उघडली व्हती ना. कडू जहर. भाडोत्री पोरांना दिली, ते पन ‘चाची, नहीं चाहिए’ बोलले.” ती शेंगेतून दाणे काढत राहिली. “टाकवत नाय म्हून ठेवल्यात.”

“मग दर महिन्याला घेता कशाला?”

रखमाबायने वर बघितलं. आपल्याला एवढं साधं कसं विचारतात, असं तिच्या तोंडावर होतं.

“नाय घेतली तर तू कशाला येशील?”

सुगंधाबाई डबा हातात घेऊन पुन्हा फळीकडे बघायला लागल्या.

“ही पोरं सकाळची जातात ती अंधार पडल्यावर येतात,” रखमाबाय म्हणाली. “धीरज फोन करतो, जेवलीस का इचारतो अन् ठेवतो. तू येतेस, बसतेस, दोन गोष्टी सांगतेस. मना बरं वाटतं. लोक देवळात पैशे टाकतात, मी बरनी घेते.”

सुगंधाबाईंना लाज वाटली. फार लाज वाटली. या घरात त्या इतक्यांदा बसल्या, पाय बुडवले, बोलल्या, पण रखमाबायला कधी एक प्रश्न विचारला नव्हता. तिच्या मुलाचं नावही त्यांना ठाऊक होतं ते तीच बोलता बोलता म्हणाली म्हणून. बोलताना मधेच फोनकडे बघत होत्या, पुढचं घर कुठलं म्हणून. पिशवीशिवाय तर त्या या उंबऱ्यावर एकदाही आल्या नव्हत्या.

“उद्या त्या पोरीला काय सांगायचं ता सांगून ठेव,” रखमाबाय म्हणाली. “मी बोलेन, सकाळ-संध्याकाळ पिते, हिच्याबिगर मना चालत नाय. तुजी खुर्ची राह्यली पायजे.”

नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचं काम त्यांनी सर्व्हेच्या वेळी केलंच होतं, तेव्हा काही जड गेलं नव्हतं. व्हिडिओ झाला असता, खुर्ची राहिली असती, दीपिकाचीही राहिली असती. आणि दर महिन्याला या फळीवर एक बरणी वाढली असती. हे शेवटचं काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी डबा खाली ठेवला आणि दीपिकाला फोन लावला.

“ताई, उद्या येऊ नका.”

“का? बाई आजारी आहेत का?”

“बऱ्या आहेत. पण त्या कॉफी पीत नाहीत. कधीच पीत नव्हत्या.”

मग दीपिकाने विचारलं, “दुसरं कुणी?”

“दुसरं कुणीच नाही हो. सुरुवातीलाही नव्हतं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

“बरं मावशी,” दीपिका म्हणाली. रागावली नाही. नुसतीच दमल्यासारखी म्हणाली, आणि फोन ठेवला.

रखमाबायने चहा टाकला होता. दोघींनी तो प्यायला. कपबशा उचलताना रखमाबाय म्हणाली,

“म्हंजे आता तू यायची नायस.”

विचारलं नव्हतं तिने. तरी सुगंधाबाईंच्या जिभेवर ‘असं कसं, येईन ना’ आलं होतं. ते म्हणणं किती सोपं होतं. पण बोईसरहून नाक्यापर्यंत रिक्षा, पुढे चालत, परत तसंच, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. सुजलेल्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते.

“नाही जमायचं, रखमाबाय,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू? काम नसलं तर मी आता कुठंच जात नाही. अंगात राहिलंच नाही.”

रखमाबायने मान हलवली. कपबशा मोरीत ठेवल्या, हात पदराला पुसले.

“बोललीस ता बरं केलंस,” ती म्हणाली. “नायतर मी पुढच्या म्हैन्यात दाराकडं बघत बसली असती.”