अक्काची किल्ली

अक्का श्रावणात गेली. तिची किल्ली दिवाळीपर्यंत चालली.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं मागे हंगामी वसतिगृहांत राहतात. त्यांची हजेरी रोज संध्याकाळी आईबापांच्या फोनवर मेसेजनं जावी, एवढ्यासाठी आम्ही दोघा भावंडांनी बीडच्या घरात बसून एक सॉफ्टवेअर केलं होतं. त्याचे सगळे पासवर्ड एका लहान प्रोग्रॅममध्ये कुलूपबंद असत. त्याला बटणं नाहीत. टर्मिनलवर आज्ञा लिहायची, आपला परवलीचा शब्द द्यायचा, की हवा तो पासवर्ड समोर येतो. आत एक यादी असते: कुलूप कोणाकोणाच्या किल्लीनं उघडायचं. आमच्या यादीत दोन ओळी होत्या. पहिली तिची.

किल्लीला वर्षाची मुदत. पाडव्याला दिवा लावून झाला की ती आपली मुदत वाढवी आणि मला माझी वाढवायला लावी. या पाडव्याला घरात दिवाळी नव्हती. मी सवयीनं माझी तेवढी वाढवली आणि लॅपटॉप मिटला.

मग हंगाम सुरू झाल्यावर मेसेज पाठवणाऱ्या कंपनीनं जुना पासवर्ड बंद करून नवा दिला. तो आत ठेवायला गेलो, तर प्रोग्रॅमनं नकार दिला. यादीतली एक किल्ली मुदतबाह्य आहे. तिच्यासाठी कुलूप घालता येणार नाही. जुनं सगळं उघडत होतं, नवं काही ठेवता येत नव्हतं; आणि मेसेजसाठी सॉफ्टवेअर पासवर्ड तिथूनच घेई.

ती किल्ली तिच्या लॅपटॉपमध्ये, आणि मुदत वाढवायला तिचाच शब्द हवा. आमचे वडील, अण्णा, दर रविवारी सकाळी तिचा लॅपटॉप कपाटातून काढून चार्जिंगला लावतात. त्यांना विचारलं, तिनं कधी काही सांगितलं होतं का.

"मला सांगितलं असतं तर ती तुझी अक्का कशी?" ते म्हणाले.

दोन दिवस मी तिच्या लॅपटॉपवर शब्द घालून पाहिले. आईचं नाव, कपिलधार, पालीच्या शाळेचं नाव. दोन दिवस मेसेज गेले नाहीत. तिसऱ्या सकाळी घाटनांदूरकडच्या एका वसतिगृहातल्या बाईंचा फोन आला.

"काय ओ दादा, मेसेज कावून बंद हायत? आयांचे लई फोन येऊलालेत. एक तर म्हणती, माझी पोरगी आजारी हाय अन् तुमी लपवायलात. निघाली बगा ती कोयता टाकून."

अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. "ती बाई दोनशे मैलांवरून येणार," ते म्हणाले, "अन् तू बसलास कावून?"

नियम अक्कानंच केला होता. "मी लग्न करून गेले तरी त्याच दिवशी यादीतून माझं नाव काढायचं. बहीण-बिहीण काय न्हाई."

"अन् मी गेलो तर?"

"तुला कोण नेतंय?"

मी पहिली ओळ काढली. प्रोग्रॅमनं एकेक पासवर्ड उघडून फक्त माझ्या किल्लीनं पुन्हा बंद केला. नावं सरकत गेली. नवा पासवर्ड ठेवला आणि राहिलेल्या दोन दिवसांचे मेसेज आधी पाठवले.

नियमाचा अर्धा भाग उरला होता. नाव काढून भागत नाही, ती म्हणायची; जाणाऱ्यानं सगळं पाहिलेलं असतं, म्हणून सगळे पासवर्ड बदलायचे. हे कुणापासून राखायचं, असं वाटत होतं. तरी दुपारपर्यंत बसून बदलले.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. ती आई स्टँडवरून माघारी फिरली होती. "अन् ती म्हणती, रोज भाजी कोणती व्हती ते बी लिवा."

रविवारी अण्णांनी लॅपटॉप चार्जिंगला लावला, दिवा लागला का ते वाकून पाहिलं. आतली किल्ली आता कुठलंच कुलूप उघडत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.