वहिनीनं शिवलेलं अंगण

आमच्या वहिनीला नाही म्हणायची सोय नाही. तुम्ही नाही म्हणालात की ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी तेच काम सुरू करते. तीस वर्षं तिनं शिवणकाम केलं. वस्तीतल्या अर्ध्या बायका तिच्या हातचे कपडे घालून फिरतात, पण तिच्याशी वाद घालायची एकीचीही छाती होत नाही. मी तिचा धाकटा दीर, पोस्टात कारकून. मी वाद घालतो आणि दर वेळी तोंडघशी पडतो.

दादा, म्हणजे तिचा नवरा, पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. त्याचं दुकान घरासमोरच, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. मधे पंधरा पावलं. दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं आणि काखेत कुबड्या आल्या त्या कायमच्याच. तेव्हापासून ती पंधरा पावलं त्याला जमेनात. घर डोंगराला टेकून, त्यामुळे पाऊस थांबला तरी मागच्या उताराचं पाणी झिरपत अंगणात उतरत राहतं. वर्षातले आठ महिने चिखल. कुबडी टेकवली की वीतभर आत. दोनदा सिमेंट घातलं. खालच्या पाण्यानं ते उचललं, फुटलं, त्यावर शेवाळ धरलं आणि त्यावरून दादा पुन्हा आपटला. गवत लावलं, ते सावलीत कुजलं.

"दादा, मी रोज उचलून नेतो तुला," मी म्हणालो.

"मी काय गोणी आहे?" तो गुरगुरला.

गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. एका सकाळी त्यानं दुकानाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "पाऊस संपला की भाड्यानं देऊन टाक," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

किल्ली वहिनीनं उचलली. "पाऊस संपायला अजून तीन महिने आहेत," ती म्हणाली.

खालच्या शहरात एका शाळेच्या मैदानावर तिनं प्लास्टिकची हिरवळ पाहिली होती. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात मुलं त्यावर खेळत होती. आठवड्याभरात तसल्याच हिरवळीच्या गुंडाळ्या टेम्पोतून आमच्या दारात उतरल्या.

"वहिनी, डोंगरात राहून प्लास्टिकचं गवत? लोक हसतील."

"हसू देत. त्यांना चालता येतंय."

तिनं काम केलं ते बघण्यासारखं. मखमल शिवताना लव एकाच दिशेला ठेवतात, तशी तिनं प्रत्येक पट्टीची पाती घराकडे वळवली. जोड तर असे बेमालूम, की मी गुडघ्यावर बसून शोधले तरी सापडेनात. आणि सगळ्याच्या खाली तिनं जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. का, तर म्हणे, "बिनअस्तराचं काम माझ्या हातून बाहेर जात नाही." मी टाळ्या वाजवल्या.

तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी बघतो तर हिरवळ गादीसारखी फुगलेली. पाय ठेवला की खालून पचकन पाणी. वरचं पाणी अस्तरावर तुंबलं होतं आणि डोंगराचं त्याच्याखाली. खिडकीतून दादा कितीतरी महिन्यांनी खदखदून हसला. मग त्याला वहिनीचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू मावळलं. ती पायरीवर डोकं धरून बसली होती. "तरी मी सांगत होतो," मी म्हणालो. मी काहीही सांगितलं नव्हतं.

"अगं," दादानं खिडकीतून हाक मारली, "मोटारीच्या खोक्याला मी खाली भोक ठेवतो. पाणी कुठून तरी आत शिरणारच. त्याला बाहेर जायला वाट हवी."

वहिनीनं मान वर केली. "मग इथं येऊन सांगा. खिडकीतून काय सांगताय?"

दुसऱ्या दिवशी दादा खुर्ची टाकून दारात बसला. आधी अस्तर गेलं. मग उताराच्या पायथ्याशी, पाणी अंगणात शिरायच्या आत, आडवा चर खणला. खणला म्हणजे मी खणला. पोस्टाचे शिक्के मारणारे हात, त्यांना फोड आले, पण कौतुक कुणाला? चरात भोकं पाडलेला पाइप, भोवती खडी आणि पाइपचं तोंड रस्त्याच्या गटारात. अंगणात खडी, वर बारीक कच, धुम्मसानं ठोकून पक्की. उतार दादानं पाण्याच्या पारदर्शक नळीनं मापून घेतला. वाटेच्या आडवा, पावलागणिक बोटभर, तोही चालताना कळू नये असा. हिरवळीच्या पाठीला मुळातच भोकं होती. ती पुन्हा अंथरली, या वेळी अस्तराशिवाय. अस्तर नाही म्हणून वहिनीला दोन दिवस चुकल्यासारखं वाटत होतं.

पुन्हा पाऊस लागला, सलग पाच दिवस. सहाव्या सकाळी पाऊस भुरभुरत असतानाच दादानं किल्ली मागितली. वहिनीनं ती दिली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. तिला बघवेना.

"सहा... सात..." मी दारातून मोजत होतो. कुबडी टेकायची, उचलायची, खाली ना चिखल, ना तुंबलेलं पाणी. "अकरा... वहिनी, अकरा!"

"मला सांगू नका!" ती आतून ओरडली.

शटर वर जाताना खडखडलं. वहिनीनं नळाखाली तोंड धुतलं, जरा जास्तच वेळ.

थोड्या वेळानं दुकानातून हाक आली, "अगं, चहा आण इकडे!"

दोन वर्षं तिनं त्याला जागेवर चहा दिला होता, एका शब्दानं न कुरकुरता. मी कप उचलला. तिनं तो माझ्या हातातून काढून ओट्यावर ठेवला आणि दारात जाऊन ओरडली, "इथं येऊन प्या! मला कामं आहेत!"

मग कुबड्यांचा आवाज. दादा पुटपुटत आला, उभ्यानंच चहा प्यायला, "गार झालाय" म्हणाला आणि परत गेला. मग पक्कड न्यायला आला. मग चष्मा. मग पाणी. दुपारपर्यंत सहा फेऱ्या झाल्या. सातव्यांदा दारात येऊन उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि आलो कशाला तेच त्याला आठवेना.

मी विचारायला तोंड उघडलं, तर वहिनीनं माझा दंड धरला.

"काही विचारू नका," ती हळूच म्हणाली. "येऊ देत."