पगारवाढीचे पेढे

मिरजेच्या सिस्टरांनी जर्मनीत येऊन जर्मन शिकून घेतलं हे खरं, पण त्याच्या दुप्पट मराठी त्यांनी जर्मनांना शिकवली. डार्मश्टाटच्या ज्या वृद्धाश्रमात, म्हणजे इथल्या भाषेत हाईममध्ये, आमची ही शेवटपर्यंत होती, तिथे सिस्टर रोज सकाळी वादळासारख्या शिरायच्या. "उठा बघू आजोबा, उन्हं आली की!" म्हणत पडदे सरकवायच्या आणि कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेले एक फोरमन निमूटपणे उठून बसायचे. समोरच्या खोलीतल्या आजी तर सूप सांडलं की आपणहून "जाऊ दे" म्हणायला लागल्या होत्या. कोणतीही बातमी कोरडी सांगायची नाही, हा सिस्टरांचा आणखी एक नेम. बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्याला शिरा वाटला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दोनदा घेऊन गेला.

मिरजेत दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या या बाई इथे मात्र कागदोपत्री मदतनीस होत्या. नर्सिंगच्या पदवीला इथली मान्यता, आनेर्केनुंग, मिळेपर्यंत मदतनिसाचाच पगार. त्या पगारात मोठं घर परवडेना, आणि त्याशिवाय नवऱ्याला नि लेकीला बोलावून घेता येईना. लेक रोज फोनवर एकच विचारायची, "आई, कधी?" एकदा आनेर्केनुंग आली की कायद्यानेच नर्सचा किमान पगार द्यावा लागतो, एवढ्या एका आशेवर सिस्टर परीक्षा देत होत्या.

आनेर्केनुंग आली. दुसऱ्याच दिवशी सिस्टर दूध पावडरचे पेढे घेऊन हजर. "माझा पगार वाढला!" असं जाहीर करत त्यांनी खोल्याखोल्यांतून पेढे वाटले आणि शेवटचा मॅनेजरच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला. पगार वाढवल्याचं त्या बिचाऱ्यालाच ठाऊक नव्हतं! पण तोवर फोरमन आजोबा "ब्राव्हो!" करत त्याचा हात हलवत होते आणि तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला नाही म्हणता येईना.

पेढा गिळून झाल्यावर त्याने मला ऑफिसात बोलावलं. नव्या वर्षात बघू, तुम्ही त्यांच्या गावाकडचे, तुम्हीच समजवा, म्हणाला. मी बाहेर येऊन सिस्टरांना गाठलं.

"सिस्टर, जरा दमानं घ्या. तुमच्या परमिटवर याच हाईमचं नाव आहे. हा बिनसला तर मिरजेचं तिकीट काढावं लागेल."

"काका, आनेर्केनुंग काल आली की नाही?"

"आली."

"मग पगारही कालपासूनच की! आणि पेढा खाल्लाय त्यांनी. आता काय बिनसतायत!"

एवढं बोलून त्या एकट्याच आत गेल्या. मी आमच्या हिच्या खोलीत जाऊन बसलो आणि दार लावून घेतलं. त्या आत काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. महिनाअखेरीस पगार नर्सचा आला, मान्यतेच्या दिवसापासूनचा.

इथल्या मराठी मंडळात मात्र बातमी पोचली ती अशी, की काकांनी मॅनेजरला ऑफिसात गाठून सिस्टरांचं काम केलं. गणपतीत मला शाल आणि नारळ मिळाला. मी दोन्ही घेतले. सिस्टर पहिल्या रांगेत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवत होत्या. तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत.

आता सिस्टर श्टुटगार्टकडे त्सुफेनहाउझेनला असतात, नवरा आणि लेकीसह, तीन खोल्यांच्या घरात. आमची ही गेली तेव्हा त्या गाडी बदलत बदलत आल्या होत्या. सोबत लेक होती. आईच्या मराठीला ती जर्मनमधून उत्तरं देत होती, पण मला नमस्कार करताना आठवून आठवून मराठीत म्हणाली, "आई सांगते, ‘त्या दिवशी ऑफिसबाहेर काका होते, म्हणून मला भीती नाही वाटली.’"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. खरं ते आता इथे लिहितोय. बाळ, मी बाहेर नव्हतो. मी दार लावून बसलो होतो. तुला मराठी वाचता येत नाही, हे तुझी आईच तुला वाचून दाखवेल. सिस्टर, एवढ्या ओळी गाळू नका.