फरशी संपते त्याच्या पुढे

आई गेल्यावर बाबांना मी अकोल्याहून जयपूरला आणलं. विमा कंपनीत माझी इथे बदली झाली होती. आदर्श नगरात भाड्याचं घर होतं. बाबा रेल्वेत कीमन होते. हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या ठोकत त्यांनी जन्मभर रोज मैलोन्‌मैल पायपीट केली. इथे मात्र ते दिवसभर बाल्कनीत बसून राहायचे. विचारलं तेवढंच बोलायचे.

शहराच्या झालाना भागात माझ्या ऑफिसजवळ एक बाग आहे. तिच्या मागच्या टेकडीवर निसर्गवाट होत होती. एका रविवारी सकाळी मी त्यांना तिथे घेऊन गेले.

वाट अर्धवटच निघाली. तिसऱ्या वळणापर्यंत फरशी, मग खडीचे ढीग, मग नुसत्या चुन्याच्या रेघा. चौकीदार म्हणाला, काम कधीचं थांबलंय, पुढे काही नाही. बाबांनी त्याला हात जोडले आणि पुढे चालू लागले. मी मागोमाग निघाले. थोड्या वेळाने रेघाही संपल्या. बाभळीचे काटे ओढणीत अडकत होते. मी दोनदा परत फिरू म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

चढावर त्यांचा पाय सरकला. ते हातावर पडले. तळवा खरचटून रक्त आलं. मी पाणी ओतून रुमाल बांधला, तरी ते उठेनात. तिथेच दगडावर बसून त्यांनी खाली शहराकडे पाहिलं आणि विचारलं,

"तुह्या मायनं तुले पयल्या पोराचं काई सांगतलं होतं का?"

सांगितलं होतं. माझ्याआधी तिला मुलगा झाला, तो मेलेलाच जन्मला. त्या दिवशी बाबा रुळांवर होते. निरोप मिळूनही ते पूर्ण फेरी संपवून संध्याकाळी आले. सुट्टी मागायची त्यांना भीती वाटली, नोकरी नवी होती. हे भीतीचं मला बाबांनीच त्या दगडावर सांगितलं. आईने सांगितली होती ती तिची बाजू.

काही सांगितलं नाही, असं खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मला ते जमेना.

"ती दाराकडे बघत होती म्हणाली. संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं. "आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही, बाबा."

ते बराच वेळ रुमालाची गाठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "मले वाटेच. कोनी बोललं नवतं." आणि रडले. त्यांना रडताना मी आईच्या मयतीलाही पाहिलं नव्हतं. मी जवळ सरकून बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. घरी येऊन जेवण्याआधीच त्यांनी गावी मावशीला फोन लावायला सांगितला. बाळंतपणात तीच आईजवळ होती. पोराला कुठे पुरलं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मावशीने नाल्याकाठची जागा सांगितली.

संक्रांतीनंतर मी रजा काढून त्यांना तिकडे नेलं. तिथे आता कुणाची तरी तूर उभी होती. बाबांनी शेतवाल्याची परवानगी घेतली, चपला बांधावर काढल्या आणि एकटेच आत गेले.